मागची गाडी

मंगळवार, १ मार्च १९२७

काउंटीच्या बोर्डाने आज मला माझ्या नवऱ्याचं, वॉरनचं, घड्याळ परत दिलं, आणि त्याची नोकरीही. घड्याळात नदीचं पाणी गेलं आहे. नोकरी पुढच्या जानेवारीपर्यंत आहे.

काउंटीचा निवडून आलेला शेरीफ मुदत संपायच्या आत गेला की उरलेली मुदत त्याच्या बायकोला द्यायची, अशी इकडे रीत आहे. म्हणजे तिला लगेच घर सोडावं लागत नाही. आमचं घर तुरुंगाला चिकटून आहे. माझ्या स्वयंपाकघराचं मागचं दार लोखंडी आहे आणि ते कैद्यांच्या जेवणघरात उघडतं. लग्न होऊन आले तेव्हापासून त्या दारातून मी पातेली नेते आहे. पण ही रीत लहान गावांची. पोर्ट हॅलमसारख्या शहराची शेरीफ एक बाई, असं आजवर झालेलं नाही. बोर्डाचे अध्यक्ष माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाले, "तुम्ही फक्त सह्या करा, मिसेस मॅब्री. बाकी डेल बघेल."

डेल ऑर्कट मुख्य डेप्युटी आहे. वॉरनच्या शवपेटीला पुढचा खांदा त्याचाच होता.

शेरीफ मेला की त्याने नेमलेल्या डेप्युटींची नेमणूकही त्याच्याबरोबर संपते. हे मला आज कळलं. म्हणून दुपारी सगळ्यांनी माझ्यासमोर नव्याने शपथ घेतली. रांग जेवणाच्या खोलीतून स्वयंपाकघरात आणि तिथून अंगणात गेली होती. बर्डी लस्क दारात उभी होती. ती बायकांच्या कोठड्या सांभाळते आणि मला स्वयंपाकात मदत करते. ती एकेकाच्या बुटांकडे बघून म्हणत होती, "देवाची शपथ आत जाऊन घ्या, पण चिखल बाहेर ठेवा." डेलने बायबल धरलं होतं. मोठमोठे पुरुष माझ्यासमोर हात वर करून उभे राहिले आणि मला एकाच्याही डोळ्यांत बघता आलं नाही. मी त्यांच्या शर्टाच्या बटणांकडे बघत होते.

सगळे गेल्यावर डेल तिथेच खुर्चीवर बसून रडला. अपघाताच्या दिवशी वॉरन लॅथ्रॉपला निघाला होता आणि रिवाजाप्रमाणे डेलची गाडी त्याच्या मागे होती. धान्याच्या कोठाराजवळ डेलचं टायर फुटलं आणि तो मागे पडला. पुढे खाणीच्या वळणावर वॉरनची गाडी बर्फावरून घसरून नदीत गेली. "मी मागे असतो तर निदान दोर टाकला असता," तो म्हणाला. मी त्याला कॉफी दिली. म्हटलं, "टायर काय तू फोडलंस का?"

रविवारी जेवायला ये म्हणून सांगितलं. त्याला घरी कोणी नाही.

शुक्रवार, ४ मार्च

वॉरनच्या कचेरीतल्या खुर्चीत माझे पाय जमिनीला टेकत नाहीत. बर्डीने लाकडी खोकं आणून दिलं.

डेल कागद आणतो, बोट ठेवतो, मी सही करते. मधल्या वेळात मी राज्याच्या कायद्याचं पुस्तक वाचते. मी उशिरा वाचायला शिकले. लाँड्रीत काम करायचे तेव्हा खोक्यांत घालायच्या जुन्या वर्तमानपत्रांवरून अक्षरं लावली आणि पुढे तुरुंगाला दान आलेली पुस्तकं वाचली. कायद्याचं पुस्तक बायबलसारखं आहे. एका वाक्यात श्वास संपतो आणि शब्दकोश जवळ लागतो.

डेल हसला. "ते वाचतेस? वॉरन त्याने दार अडवायचा."

"दार अडवायला चांगलं आहे. वाचायलाही वाईट नाही."

"कोरा, तू डोक्याला ताप करून घेऊ नकोस. मी आहे ना."

तो आहे हे खरं आहे. तो नसता तर मी पहिल्याच दिवशी किल्ल्या ठेवून बहिणीकडे गेले असते.

आज वॉरनची खुर्ची, म्हणजे घरातली, पुन्हा चुलीजवळ आणून ठेवली. शेवटच्या महिन्यात त्याने ती दाराकडे तोंड करून ठेवली होती. रात्री तिथेच झोपायचा. जेवण ताटातच राहायचं. मी पोटाचं दुखणं समजून सोडा घालून पाणी देत होते आणि तो मुकाट्याने प्यायचा.

बुधवार, ९ मार्च

एमिल सोबोटा नावाच्या कैद्याने दोन दिवस जेवण परत पाठवलं. केंद्र सरकारला इथे स्वतःचा तुरुंग नाही, म्हणून त्यांचे कैदी आमच्याकडे ठेवतात. एमिल बिअरच्या गाड्या चालवायचा. दारूबंदीवाल्यांनी त्याला फेब्रुवारीत पकडलं. तिशीचा असेल. हात बेकरीवाल्यासारखे गोरे.

मी स्वतः ताट घेऊन गेले. विचारलं, "माझ्या बीन्समध्ये काय खोट आहे?"

"बीन्समध्ये नाही, बाई. तुम्ही वाढलंत तर खाईन."

"आणि मी आजारी पडले तर?"

"तर उपाशी राहीन."

मला हसू आलं. कोणीतरी माझ्या हातचं इतक्या आवडीने मागतं आहे, याचं बरंही वाटलं. बर्डीला सांगितलं तर ती पातेलं घासता घासता म्हणाली, "तुमच्या बीन्सला आजवर एवढी किंमत कुणी दिली नाही. शेरीफसाहेबांनीसुद्धा."

ताट रिकामं करून एमिल म्हणाला, "मला इथून हलवू देऊ नका." मी म्हटलं, ते माझ्या हातात नाही. तो माझ्या कोटावरच्या बिल्ल्याकडे बघत राहिला.

शुक्रवार, ११ मार्च

जेवायला बसलं की टेलिफोन वाजतो. उचलला की पलीकडे माणूस आहे हे कळतं, पण बोलत नाही. आज श्वास ऐकू आला.

डेल म्हणतो लाइन खराब आहे. मी आता वाजला तरी उचलत नाही. वाजत असताना ताटाकडे बघत बसते आणि घास गिळत नाही.

मंगळवार, १५ मार्च

लॅथ्रॉपहून हुकूम आला. एमिल सोबोटाला शुक्रवारी तिथे हजर करायचं. केंद्र सरकारचे वकील फेनविक त्याचा जबाब घेणार आहेत. बिअरच्या गाड्या शहरातून बिनधास्त जायच्या, तेव्हा त्यांच्या पुढे कुणाची गाडी चालायची हे त्यांना त्याच्याकडून हवं आहे. हे मी हुकुमात वाचलं. डेलने माझ्या आधी वाचलं होतं.

"पिट हनिकट गाडी चालवेल," डेल म्हणाला. "मी मागच्या गाडीत. नदीच्या रस्त्याने सकाळी निघू, दुपारी परत."

नदीचा रस्ता म्हणजे खाणीचं वळण. मी अजून त्या वळणावर गेलेले नाही. गाडी वर काढली तेव्हाही गेले नाही. विचारलं, "टेकडीवरून नाही का जाता येणार?"

"चिखल आहे. आणि तुला कुठे यायचंय?"

तेही खरं.

संध्याकाळी एमिलला सांगितलं तेव्हा त्याला हातातला पेला खाली ठेवता येईना. मी काढून घेतला. तो म्हणाला, "मिस्टर मॅब्रींनी मला शब्द दिला होता, ते स्वतः नेतील म्हणून."

"ते आता नाहीत, एमिल."

"मला माहीत आहे ते नाहीत." मग म्हणाला, "तुम्ही या."

"मी येऊन काय करणार?"

"काही नाही. नुसत्या बसा माझ्या शेजारी."

त्याची आई गेल्या वर्षी वारली, असं त्याने मला मागे सांगितलं होतं. माणूस घाबरला की कितीही मोठा झालेला असला तरी असंच करतो. वॉरनही शेवटी शेवटी मी खोलीतून उठले की विचारायचा, कुठे चाललीस.

गुरुवार, १७ मार्च

पुस्तकात सापडलं. एकच वाक्य आहे, पण मी ते सकाळपासून अनेकदा वाचलं. कैदी शेरीफच्या ताब्यात असेपर्यंत त्याच्या देहाला शेरीफ जातीने जबाबदार आहे. 'देहाला' असाच शब्द आहे. आत्म्याचं देवाने बघायचं, देहाचं मी.

म्हणजे जायला हवं. त्या वळणावरून जायला मला नको वाटतं. पण कधी ना कधी जायचंच आहे, आणि शेजारी माणूस असताना गेलेलं बरं.

डेलला सांगितलं नाही. तो काळजी करत बसेल. उद्या थेट गाडीत जाऊन बसेन.

बर्डीला मात्र सांगितलं, कारण शिदोरी तिलाच बांधायची आहे. तिने हातातली सुरी ठेवली. "शेरीफसाहेबांनाही मी म्हटलं होतं, दुसऱ्या कुणाला पाठवा."

"बर्फ होता म्हणून?"

तिने पुन्हा बटाटे सोलायला घेतले. "हो, मिसेस मॅब्री. बर्फ होता."

शनिवार, १९ मार्च

काल लिहिता आलं नाही. आज लिहिते आहे, कारण न लिहिता हे माझ्या एकटीच्या डोक्यात राहिलं तर उद्यापर्यंत मी ते खोटं आहे असं स्वतःला पटवीन.

काल सकाळी अंगणात दोन गाड्या उभ्या होत्या. पहिल्या गाडीत पिट हनिकट चाकाशी बसला होता आणि मागे एमिल, हातात बेड्या. मी टोपी घातली, शिदोरीची टोपली घेतली आणि एमिलच्या शेजारी जाऊन बसले. एमिलने डोळे मिटले. पिटने मागे वळून मला पाहिलं आणि मग खिडकीतून डेलकडे.

डेल हसत आला. "ही सहल नाही, कोरा."

"माहीत आहे. पुस्तकात लिहिलंय, शेरीफ जातीने जबाबदार आहे."

"पुस्तक राहू दे. उतर."

"बसले आहे तर बसू दे, डेल. टोपली आणलीय. तुझ्यासाठीही बिस्किटं आहेत."

तो हसायचा थांबला. त्याने खिडकीच्या काठावर दोन्ही हात ठेवले, आणि मी पाहिलं की त्याच्या कपाळावर घाम आहे. बाहेर तोंडातून वाफ निघत होती. तो हळू आवाजात म्हणाला, "उतर, कोरा. तुझ्या पाया पडतो. तोही असाच बसून राहिला होता, हात मांडीवर ठेवून. त्याला म्हटलं उतर, आज नको जाऊस, तर ऐकलं नाही."

मला आधी काही समजलंच नाही. त्याचा आवाज ऐकून वाईट वाटलं, त्याच्या हातावर हात ठेवावा असं वाटलं. मग मनात आलं, वॉरनची गाडी बर्फावरून घसरली. गाडी घसरणार हे आधी कुणाला माहीत असतं? मग उतर म्हणून का सांगायचं?

मी हात मांडीवरून उचलू शकले नाही. ते तिथेच होते, जसे वॉरनचे होते.

"मी उतरत नाही," मी म्हटलं. हे धैर्याने म्हटलं नाही. माझे पाय हलत नव्हते.

डेल कचेरीत गेला. खिडकीतून दिसत होतं, भिंतीकडे तोंड करून तो टेलिफोनवर बोलत होता आणि मोकळ्या हाताने भिंतीवर थापटत होता. बाहेर आला तेव्हा त्याने पिटला म्हटलं, "तू उतर. मी चालवतो. मागे गाडी नको." पिट उतरला. त्याने काही विचारलं नाही.

धान्याच्या कोठाराशी रस्ता फुटतो. डावीकडचा नदीचा, उजवीकडचा टेकडीचा. डेलने तिथे गाडी थांबवली. इंजिन चालू होतं. तो दोन्ही हातांनी चाक धरून समोर बघत होता. एमिलचा खांदा माझ्या खांद्याला लागलेला होता आणि त्याची थरथर माझ्या दातांपर्यंत येत होती. मी काय विचार केला असेल? मी विचार केला की बिस्किटांवर फडकं नीट झाकलेलं नाही, ती वाळतील.

डेलने गाडी उजवीकडे घेतली.

टेकडीवर खरंच चिखल होता. चाकं रुतली, गाडी तिरकी झाली, आणि प्रत्येक वेळी मला वाटलं, आता. लॅथ्रॉपला पोचायला दुपार झाली. केंद्र सरकारच्या मार्शलच्या माणसांनी एमिलला घेतलं. त्याने बेड्यांसकट माझा हात धरला आणि मार्शलला म्हणाला, "ह्या बाईंनी आणलं मला." जणू मी त्याला काखोटीला मारून आणलं होतं.

फेनविकसाहेब बारीक, पडसं झालेले गृहस्थ आहेत. मला म्हणाले, "तुम्ही स्वतः आलात, मिसेस मॅब्री. काही सांगायचं आहे का?"

डेल दारात टोपी हातात घेऊन उभा होता. मी म्हटलं, "नाही. रस्ता खराब होता, एवढंच."

आणि मी त्याच्याबरोबर, एकटी, त्याच गाडीतून परत आले. याची मला आता सर्वांत जास्त भीती वाटते, की मी त्याच्या मागे बसून कोबीच्या भावाबद्दल बोलत होते. थांबले तर तो बोलेल असं वाटत होतं. एकदाच बोलला. "तू घरी राहिली असतीस तर बरं झालं असतं."

"कुणासाठी?"

"तुझ्यासाठीच."

फाटकाशी त्याने नेहमीसारखं माझ्या बाजूचं दार उघडलं, हात दिला, म्हणाला, "रविवारी येऊ ना जेवायला?"

मी हो म्हटलं.

रविवार, २० मार्च

तो आला. मी कोंबडी भाजली होती. येऊ नको म्हटलं तर त्याला कळेल की मला कळलं आहे, असं मनाशी धरून मी सगळं नेहमीसारखं केलं, बटाट्यांवर अजमोदाही घातली. तो वॉरनच्या खुर्चीत बसला नाही. त्याने आजवर कधीच ती खुर्ची घेतलेली नाही आणि मला ते त्याचं मोठेपण वाटायचं.

प्रार्थना मी म्हटली. त्याने तुकडा मोडला आणि म्हणाला, "तुला कळलंय."

मी वाटी पुढे केली. "ग्रेव्ही घे."

"मी ढकललं नाही, कोरा. माझ्या गाडीने त्याला शिवलंसुद्धा नाही. मला सांगितलं होतं की कोठाराशी मागे राहा, एक ट्रक येईल, त्याला पुढे जाऊ दे. मी फक्त मागे राहिलो."

"टायर?"

"टायरला काही झालं नव्हतं."

मला वाटलं होतं मी किंचाळेन. तसं काही झालं नाही. चुलीवर दुधाला उकळी येत होती, मी उठून ते बाजूला केलं आणि परत येऊन बसले.

"तुला सांगितलं कुणी?" मी विचारलं.

त्याने दोन नावं घेतली. दोन्ही माणसं वॉरनच्या दफनाला आली होती. एकाने मला रुमाल दिला होता. तो अजून धुवून परत करायचा आहे.

"वॉरन फेनविकला सगळं सांगायला निघाला होता," डेल म्हणाला. "मी त्याच्या हातापाया पडलो. म्हटलं, इतकी वर्षं डोळे मिटलेस तसेच मिटून राहा. तर म्हणतो, मला झोप लागत नाही." मग त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि तो खरोखर रडवेला झाला होता. "शुक्रवारी मी त्यांना फोन करून थांबवलं. तुझ्यासाठी. आता तेच मला विचारतायत की तू कुणाच्या बाजूचा."

"मग काय करायचं म्हणतोस?"

"राजीनामा दे. तब्येतीचं कारण सांग. बोर्ड मला नेमेल, आणि हे घर तुझंच राहील, ते मी बघेन. याच आठवड्यात दे, कोरा. पुढच्या वेळी ते मला आधी सांगणार नाहीत."

त्याने कोंबडी संपवली. जाताना ताट उचलून मोरीत ठेवलं. वॉरननेही ते कधी केलं नव्हतं.

तो गेल्यावर मी अंगणात जाऊन ओकले. बर्डीने पाणी आणलं. ती म्हणाली, "तुम्हाला सांगायला हवं होतं मी. त्या सकाळी त्या दोघांचं बोलणं ऐकलं होतं. पण मला दुसरीकडे कोण ठेवणार?" तिला कोणत्या तोंडाने बोलणार? मीही वॉरनला सोडा पाजला.

सोमवार, २१ मार्च

सोमवारी सकाळी सगळे डेप्युटी अंगणात जमतात आणि आठवड्याची कामं वाटली जातात. वॉरन पायरीवर उभा राहायचा. त्याच्यानंतर डेल राहतो. आज मी राहिले. बर्डीचं खोकं घेतलं नाही, कारण त्यावर उभी राहिले असते तर पडले असते.

मी रात्रभर राजीनाम्याची वाक्यं मनात जुळवली होती. हे लपवत नाही. घर, बहिणीचं गाव, तिच्या परसातली नासपतीची झाडं, सगळं डोळ्यांसमोर आणलं. पण प्रत्येक वेळी आत दोनशे माणसांचे देह होते, आणि मी सही केली की ते डेलचे होणार होते. एमिल लॅथ्रॉपला आहे. दुसरा कोणी तोंड उघडेल, तो इथेच असेल, आणि शुक्रवारी कुठल्यातरी रस्त्याने त्याला न्यायचं असेल.

मी म्हटलं, "डेल ऑर्कट, तुमची नेमणूक मी रद्द करते आहे. बिल्ला द्या."

माझा आवाज इतका लहान निघाला की मागच्यांनी एकमेकांना विचारलं, काय म्हणाली. पुढच्याने सांगितलं. 

डेलला राग आला असता तर मला सोपं गेलं असतं. तो पायऱ्या चढून आला, बिल्ला काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला. धातू त्याच्या अंगाने गरम होता. तो फक्त मला ऐकू येईल असं म्हणाला, "आता तुझ्या मागच्या गाडीत कोण असेल, कोरा?"

मी बिल्ल्यावर मूठ मिटली.

तो फाटकातून गेला. त्याच्या मागे एकेक करून बरेच गेले. काहींनी बिल्ले पायरीवर ठेवले, काहींनी तसेच नेले. एकाने जाताना टोपी काढून मला नमस्कार केला, जणू मी मेले होते. उरले ते दोन पाळ्यांना पुरणार नाहीत. पिट हनिकट उरलेल्यांत आहे. तो अंगणाच्या मधोमध बुटांकडे बघत उभा होता.

मी त्यांना म्हटलं, "आज संध्याकाळपर्यंत कोठड्यांच्या किल्ल्या बर्डीकडे राहतील." बर्डी म्हणाली, "देवा रे," आणि तिने एप्रनला हात पुसून किल्ल्या घेतल्या.

मग मी टोपली उचलली आणि ट्राम धरून स्टेशनवर गेले. गाडी घेतली नाही. ट्राममध्ये माणसं होती, आगगाडीतही माणसं होती, आणि मला शेजारी माणसं हवी होती, कुठलीही. समोरच्या बाकावर एक बाई कोंबड्यांचा पिंजरा घेऊन बसली होती. मी पूर्ण वाट तिच्याशी कोंबड्यांच्या रोगांबद्दल बोलले. माझा बिल्ला कोटाच्या आत होता.

फेनविकसाहेबांना सगळं सांगितलं. नावंही. त्यांनी शिंकत शिंकत लिहून घेतलं आणि विचारलं, "हे त्याने तुम्हाला का सांगितलं असेल? तुम्ही शेरीफ आहात."

"तो शेरीफशी बोलत नव्हता, साहेब. तो वॉरनच्या बायकोशी बोलत होता."

त्यांनी पेन ठेवलं. एमिलने शनिवारीच जबाब दिला आहे आणि माझं सांगणं त्याच्याशी जुळतं, असं म्हणाले. त्या दोघांना आणि डेलला पकडायचे हुकूम उद्यापर्यंत निघतील, तोवर मी लॅथ्रॉपमध्येच राहावं, मार्शल दारावर माणूस बसवतील. खोलीही दाखवली. पांढरी चादर, आतून कडी. मी त्या पलंगावर थोडा वेळ बसले. तिथे किती बरं वाटलं ते लिहून ठेवते आहे, कारण पुढे कोणी म्हणेल की मला भीती वाटली नाही.

मग उठले. रात्रीचं जेवण कोण करणार होतं?

मंगळवार, २२ मार्च

काल दिवस मावळायच्या आत फाटकाशी पोचले. रस्त्याच्या पलीकडे एक काळी गाडी उभी होती, आत माणसं होती, इंजिन चालू. मी स्टेशनवरून चालत आले होते. फाटकापर्यंतची जागा मोकळी आहे, तिथे झाडसुद्धा नाही. मी टोपली पोटाशी धरली आणि चालले. पळाले नाही.

फाटकावर पिट हनिकट होता, खांद्यावर बंदूक. माझ्या मनात फक्त शुक्रवार आला. त्या दिवशी चाकाशी हाच बसला होता. एमिलला घेऊन हा नदीच्या रस्त्याने निघणार होता, आणि वळणावर काय होणार हे त्याला माहीत होतं की नव्हतं, हे मी त्याला विचारलेलं नाही. विचारलं तर तो नाही म्हणेल. निर्दोष माणूसही तेच म्हणेल.

पिटने रस्त्यापलीकडच्या गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्याने फाटक उघडलं, मला आत घेतलं आणि अडसर लावला. काळी गाडी थोडा वेळ थांबून निघून गेली.

"बर्डीने बीन्स केलेत," तो म्हणाला. "करपलेत. कॉफी मी ठेवलीय, मिसेस मॅब्री. घ्या, गारठला आहात."

त्याने पहारेकऱ्याच्या खोलीतून पेला आणून माझ्यासमोर धरला. वाफ निघत होती. तो माझ्याकडे बघत होता, मी त्याच्याकडे. तिथे दुसरं कोणी नव्हतं. एमिल माझ्याच हातचं का मागत होता, ते मला तेव्हा कळलं.

मला आठवतं, मी प्रार्थना करत नव्हते. एवढंच मनात होतं की मी या माणसाच्या हातून पेला घेतला नाही, तर उद्या सकाळी पायरीवर उभी राहून त्याला कुठलंही काम सांगू शकणार नाही. ना त्याला, ना आत उरलेल्यांपैकी कुणाला.

मी पेला घेतला आणि त्याच्यासमोर प्यायले, तळापर्यंत. कॉफी वाईट होती. पिट म्हणाला, "साखर संपलीय."

"उद्या मागवू," मी म्हटलं, आणि कैद्यांचं जेवण वाढायला आत गेले.

आता सकाळ आहे. मी जिवंत आहे. काल राहिलेली आठवड्याची कामं आज मी वाटणार आहे.